टेपबाईंची पाऊण इंचाची चूक

आमच्या मोठ्या जाऊबाईंना सगळी गल्ली टेपबाई म्हणते. मोजायची टेप सकाळी त्यांच्या गळ्यात पडते ती झोपतानाच निघते. माणूस दारातून आत आला की बाईंच्या डोळ्यांनी त्याचं माप घेऊन टाकलेलं असतं. माझ्या नवऱ्याचं पोट सुटलंय हे मला कळायच्या आधी त्यांना कळलं होतं, आणि त्यांनी ते चारचौघांत सांगितलंही होतं. एरवी मी त्यांना ताई म्हणते, भांडण असलं की जाऊबाई. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, त्या खाली. त्यामुळे दिवसातून दोन-तीनदा तरी मला जाऊबाई म्हणायची वेळ येते.

त्यांचे यजमान, म्हणजे माझे थोरले दीर, सुतार. त्यांना मी भाऊजी म्हणते. नवरा लाकूड कापणारा, बायको कापड कापणारी. लग्न झाल्यापासून दोघांची एकाच गोष्टीवरून जुंपायची, की खरं कठीण काम कुणाचं. 'कापड काय, ओढलं की मावतं,' असं भाऊजी म्हणायचे. 'लाकूड काय, खिळा मारला की झालं,' असं ताई म्हणायच्या. हे आम्ही इतक्या वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की माझा नवरा वरून ओरडायचा, 'आता पुढचं मी म्हणतो, तुम्ही दोघं जेवून घ्या!'

मग भाऊजींना अर्धांगाचा झटका आला आणि ते भांडण बंद पडलं.

डावा हात आणि डावा पाय लुळा पडला, ते आम्हा सगळ्यांना दिसत होतं. जे आम्हाला दिसलं नाही ते ताईंच्या लक्षात आलं. भाऊजी ताटातलं उजव्या बाजूचं तेवढं जेवायचे आणि म्हणायचे, 'वाढ की अजून.' डावीकडचा भात तसाच. ताई ताट फिरवायच्या, की ते उरलेलं जेवायचे. दाढी अर्ध्याच चेहऱ्याची करायचे. बोलणं थोडं जड झालं होतं, पण समजायचं सगळं, आठवायचंही सगळं. फक्त डावी बाजू नावाची गोष्ट त्यांच्यापुरती जगातून गेली होती.

ताईंचं शिलाई मशीन त्यांच्या पलंगाच्या डाव्या बाजूला, भिंतीलगत. वर्षानुवर्षं तिथेच. एकदा मी चहा घेऊन खाली गेले तर ताई मशीनवर बसलेल्या, हातात कुणाचा तरी सदरा, आणि भाऊजी उजवीकडच्या खिडकीकडे बघत हाका मारताहेत, 'अगं, कुठे गेलीस?'

'इथेच आहे,' ताई म्हणाल्या.

'इथे म्हणजे कुठे?'

दोघांत हातभर अंतर होतं. ताईंनी पाय उचलला, मशीन थांबलं. त्या उठून पलंगाला वळसा घालून उजव्या बाजूला आल्या, तेव्हा भाऊजींचा चेहरा उजळला. 'आलीस का?' म्हणाले. मी चहा ठेवला आणि वर पळाले. मला रडू आलं की राग येतो, आणि राग काढायला माझ्याकडे हक्काचं एकच माणूस आहे. त्या दिवशी त्या बिचाऱ्याने विनाकारण खूप ऐकून घेतलं.

रोज व्यायाम घ्यायला एक मुलगी यायची. तिने नीट समजावून सांगितलं. डोळे चांगले आहेत, मेंदूने डावी बाजू मोजणं सोडून दिलंय. धरून मान वळवली तर वळेल, पण उपयोग नाही. नजर आपणहून वळली पाहिजे. तोवर त्यांना उभं करून चालवायचं म्हणजे धोका, दर वेळी डावा खांदा दारावर आपटणार. डावीकडे त्यांच्या आवडीचं, हलणारं काहीतरी ठेवा. आणि लवकर ठेवा, जितके दिवस जातील तितकं अवघड होत जाईल.

मग काय, टीव्ही डावीकडे नेला. भाऊजी खिडकीकडे बघत बातम्या ऐकायचे. नातवंडांचे फोटो लावले, ते आम्हीच बघायचो. ताई स्वतः तर डावीकडे बसून बसून थकल्या. आणि मग एका सकाळी मशीनमध्ये दोरा ओवता ओवता म्हणाल्या, 'मासे.'

भाऊजींच्या कारखान्यात काचेच्या बरणीत दोन मासे असायचे. डबा खाताना ते त्यांच्याकडे बघत बसायचे. एक मासा मेला तेव्हा हा धिप्पाड माणूस दिवसभर कुणाशी बोलला नव्हता.

'छान,' मी म्हटलं. 'एक बरणी आणू.'

'बरणीतला मासा कुठे जाणार? गोल गोल फिरणार. मला लांब टाकी पाहिजे. मासा यांच्या गुडघ्यापाशी दिसला पाहिजे, तिथवर यांची नजर जाते. आणि मग पोहत पोहत खांद्याकडे गेला पाहिजे. नजर त्याच्या मागे जाईल. एक इंच गेली तरी चालेल.'

दुकानात तयार मिळणाऱ्या टाक्या एक तर आखूड होत्या, नाही तर रुंद. म्हणून बाईंनी ठरवलं, टाकी घरी करायची. मी कपाळावर हात मारला. अहो, सदरा उसवला तर माणूस ओशाळतो, टाकी उसवली तर घर बुडेल! पण ताई एकदा हट्टाला पेटल्या की त्यांना विझवायला कुणाची छाती नाही.

पहिली गोष्ट त्यांनी केली ती मला सहन झाली नाही. त्यांनी मशीन हलवलं. पायथ्याकडचं कपाट आणि उशाकडची भिंत यांच्यामध्ये एकोणपन्नास इंचांची जागा आहे, ती भाऊजींनी कपाट करताना मशीनसाठीच सोडलेली. लांब टाकी मावेल अशी दुसरी जागा त्या खोलीत नव्हती.

'ताई, तुमची जागा आहे ती,' मी म्हटलं.

'मी तिथे दिसत नाहीच ना. मासा तरी दिसू दे.'

मग मापं सुरू झाली. लांबी अठ्ठेचाळीस, म्हणजे पुसायला हात घालायला इंचभर राहील. रुंदी पंधराच्या वर नको, कारण पलंग आणि टाकी यांच्यामधून चाकाची खुर्ची गेली पाहिजे. राहिली उंची. भाऊजी खुर्चीत बसून व्यायाम करत होते तेवढ्यात ताई त्यांच्या पलंगावर, त्यांच्याच उशीवर, त्यांच्यासारखी मान करून आडव्या झाल्या आणि मला भिंतीशी उभं केलं. हातात खडू.

'वर. अजून वर. तिथे रेघ मार. आता खाली. अगं, एवढी खाली नाही, मासा काय जमिनीवर झोपणार आहे?'

व्यायामवाली मुलगी हसून हसून बेजार. भाऊजी खिडकीकडे बघत म्हणाले, 'काय चाललंय?' कुणीच सांगितलं नाही. दोन रेघांमध्ये अठरा इंच भरले.

मग आम्ही काचवाल्याकडे गेलो. बसका, गमत्या माणूस, कानाला काच कापायची पेन्सिल. म्हणाला, 'पाच मिलिमीटर लावा, खिडक्यांना तीच लावतो.'

'खिडकीला पाणी ढकलत नाही,' ताई म्हणाल्या. 'अठरा इंच पाणी भरलं तर पाच टिकेल?'

'मग सहा लावा.'

'सहा टिकेल?'

'टिकेल... बहुतेक.'

ताईंना बहुतेक हा शब्द चालत नाही. त्यांनी स्टूल ओढलं आणि बसल्या. मागे गिऱ्हाईक ताटकळलं, मी लाजून चूर, बाई ढिम्म. शेवटी काचवाल्यानेही काम बाजूला ठेवून मनापासून सांगायला घेतलं. काचेवर जोर येतो तो पाण्याच्या उंचीचा. उंची जास्त तर खालच्या कडेशी जोर जास्त. आणि काच लांब असली की मध्ये वाकते, तिला पोट सुटतं. कापड ताण येतो तिथेच उसवतं, हे ताईंना कुणी शिकवायला नको होतं. त्या म्हणाल्या, 'म्हणजे उंची कमी करा, नाही तर काच जाड करा.'

'बरोबर. पंधरा उंची करा, आठ मिलिमीटर आरामात चालेल.'

'उंची कमी होणार नाही. माझ्या माणसाचा डोळा तिथे आहे.'

'मग दहा लावा. आणि वरून आडवी पट्टी, म्हणजे पोट सुटणार नाही. पण बाई, बिनपाण्याचीच टाकी दोघांना उचलणार नाही हं. आणि पाणी भरलं की दोनशे किलोच्या वर जाईल.'

'उचलायची कुणाला आहे? दहा लावा.'

दोनशे किलो पेलायला भाऊजींचं कामाचं बाक कारखान्यातून आणलं. ते चार फुटीच निघालं. प्लायवुडचा ताव चार फुटी येतो म्हणून त्या माणसाने आयुष्यभर सगळं चार फुटी केलंय, आमचा वरचा पलंगसुद्धा, त्याबद्दल मी नंतर कधीतरी बोलेन.

काच कापायला देण्याआधी ताईंनी त्यांच्या पद्धतीने काम केलं. खाकी कागद आणला, पाचही काचांचे कागद कापले, टाचण्यांनी जोडले आणि कागदाची टाकी बाकावर उभी केली. काय सुबक दिसत होती! कोपऱ्याला कोपरा मिळालेला. 'बघ,' त्या म्हणाल्या, 'फिटिंग म्हणतात ते याला.' मग टाचण्या काढल्या आणि तेच कागद काचवाल्याला नेऊन दिले. ताई म्हणाल्या, 'कागदाप्रमाणे कापायचं, एक दोरा इकडे-तिकडे नको.'

त्याने शब्द पाळला. काचा आल्या, कडा घासलेल्या, जड, हिरवट. माझ्या नवऱ्याला सुट्टी घ्यायला लावली. आधी कोरडंच जोडून बघायचं ठरलं, नुसती चिकटपट्टी लावून. बाकावर थर्माकोलचा ताव घातला, त्यावर तळाची काच ठेवली. मागची काच उभी केली, ती नवऱ्याने धरली. पुढची मी धरली. ताईंनी बाजूची काच मध्ये घातली. जाईना.

'जरा बाहेर घ्या.'

बाहेर घेतली तर माझी काच तळावरून घसरायला लागली. आत घेतली तर बाजूची मावेना. दुसरी बाजू करून बघितली, तेच. ताईंनी टेप काढली. तळाची रुंदी पंधरा. बाजूची काच पंधरा. परत मोजलं. पंधरा आणि पंधरा.

'काचवाल्याने घोळ घातला,' मी म्हटलं.

'घोळ कसा? पंधरा बरोबर आहे.'

'मग मावत का नाही?' माझा नवरा घामाघूम होऊन म्हणाला. 'वहिनी, माझा हात भरून आलाय.'

'पंधरा बरोबर आहे!' ताईंचा आवाज चढला. इतक्या वर्षांत त्यांचं माप चुकलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि टेप हातात धरून अशी हरलेली बाईही पाहिली नव्हती. काच परत जोडता येत नाही. काचवाल्याकडे एवढी जाड काच पुन्हा कधी येईल कोण जाणे, आणि दिवस चालले होते. त्या मापं पुटपुटत राहिल्या. तळ पंधरा, बाजू पंधरा, बरोबर आहे, पंधरा बरोबर आहे.

'जाडी कोण धरणार?'

आवाज पलंगावरून आला. आम्ही तिघंही वळलो. भाऊजींची मान खिडकीकडून निघाली होती. मधोमध येऊन थांबली. मग पुढे सरकली, गंजलेलं बिजागर सरकावं तशी, डावीकडे, थेट माझ्या हातातल्या काचेवर.

'काचेला जाडी असते,' ते म्हणाले. जड आवाजात, पण चांगलेच चिडलेले. 'पुढची तीन सूत, मागची तीन सूत. आठ सुतांचा इंच. पाऊण इंच गेला. बाजूच्या काचा सव्वाचौदा पाहिजेत. हे काय कापड आहे, ओढलं की मावायला?'

कागदाला जाडी नसते, कापडाला नसल्यातच जमा. जन्मभर कापड कापणाऱ्या बाईच्या हिशेबात ती आलीच नव्हती. पण ताईंनी काय केलं असेल? आनंदाने ओरडल्या? नाही. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, 'मग आधी बोलायला काय झालं होतं? कागदाची टाकी चांगली दोन दिवस इथे उभी होती!'

'कुठला कागद?' भाऊजी म्हणाले.

ताईंचे हात कमरेवरून खाली आले. भाऊजींची मान दमून हळूहळू खिडकीकडे परत गेली. ताई स्वयंपाकघरात गेल्या, नळ सोडला, आणि बराच वेळ भांडी नसताना भांडी घासत राहिल्या. माझा नवरा काच धरूनच उभा. त्याचेही डोळे भरले होते, पण त्याला पुसायला हात नव्हता.

काचवाल्याने दोन्ही काचांची पाऊण इंचाची पट्टी काढून दिली, जीव मुठीत धरून, कारण एवढी बारीक पट्टी काढताना जाड काच हमखास दगा देते. काचा चिकटवायचं सिलिकॉन लावायलाही तोच आला. आणि त्या कामात मला आमच्या जाऊबाईंचा खरा इरसालपणा कळला.

सिलिकॉन पसरू नये म्हणून सांध्याच्या दोन्ही बाजूंना कागदी चिकटपट्टी लावतात. ती ताई लावत होत्या. ज्या बाईला नजरेने दोरा सरळ की वाकडा कळतो, ती पट्टी तिरकी लावत होती.

'अहो ताई, वाकडी जातेय.'

'कळतंय मला. गप्प बस.' मग मोठ्याने, 'अहो, हे सरळ आहे का हो?'

पलंगावरून कुरकुर आली. मान निघाली. 'वाकडं आहे. गुडघ्याशी उचल.'

ताईंनी उचललं. मग हातभर डावीकडे गेल्या आणि पुन्हा वाकडी लावली. 'आणि हे?'

माशाने जे करायचं होतं ते बाईंनी चुकांनी करायला घेतलं होतं. जिने कधी काज तिरकं पडू दिलं नाही, ती रोज मुद्दाम काहीतरी बिघडवून ठेवायची. वरची पट्टी तिरकी. थर्माकोल एका बाजूला बाहेर. टाकीचं फुलं काढलेलं झाकण उलटं. रोज बिघाड थोडा आणखी डावीकडे. भाऊजी रोज चिडायचे, आणि चिडण्यासाठी रोज आणखी थोडे वळायचे. 'इतकी वर्षं माझ्या घरात राहून काही शिकली नाहीस,' म्हणायचे. ताई खाली मान घालून ऐकून घ्यायच्या. ताई! ऐकून घ्यायच्या! मी दोनदा स्वतःला चिमटा काढला. ताटातला भात आता मधल्या रेषेच्या पलीकडेही संपायला लागला होता. उरलेला घास पाहून मात्र ताई अजूनही ताट फिरवायच्या.

उशाकडचा कोपरा तेवढा राहिला होता. तिथवर नजर कधीच पोचली नाही. खांद्यापाशी येऊन अडायची.

सिलिकॉन पक्कं वाळल्यावर पाणी भरलं. आधी चार बोटं, मग अर्धी, मग काठापर्यंत. काचेच्या मध्यावर ताईंनी टेप धरली होती. पोट सुटलं नाही. सांध्यांना कोरडा कागद लावून पाहिला, कोरडाच राहिला. काही दिवसांनी, पाणी निवळल्यावर, व्यायामवाल्या मुलीसमोर मासे सोडले. सहा, नारिंगी. त्यातला एक सरळ गुडघ्यापासून खांद्याकडे गेला, अगदी ताईंनी ठरवलं होतं तसा, शहाण्यासारखा.

भाऊजींनी त्याच्याकडे पाहिलं. 'बरे आहेत मासे,' म्हणाले, आणि माशाला सोडून टाकीच्या कडेवरून नजर फिरवायला लागले. पायथ्याचा कोपरा तपासला. पुढचा सांधा तपासला. गुडघा, मांडी, कंबर. खांद्यापाशी नजर अडली.

उशाकडच्या कोपऱ्यात ताई फडक्याने काचेवरचे थेंब पुसत उभ्या होत्या. त्यांनी आज काहीच बिघडवून ठेवलं नव्हतं. मी खुणेने विचारलं, कोपऱ्यात काही वाकडं केलंय का? त्यांनी मान हलवली, नाही.

पण भाऊजींना ते कुठे माहीत होतं? रोज काहीतरी चुकलेलं असायचं, म्हणजे आजही असणारच. त्यांनी उजव्या हाताने पलंगाची कड धरली. मान खांद्याच्या पुढे गेली. कोपऱ्यावर पोचली. वरून खाली सांधा पाहिला, खालून वर पाहिला.

'इथे काही चुकलेलं नाही,' ते म्हणाले, जरा नाराजच होऊन.

'नाही,' ताई म्हणाल्या.

त्या आवाजाबरोबर नजर सांध्यावरून वर चढली. फडक्यावर आली, हातावर आली, गळ्यातल्या टेपवर आली. आणि तिथून चेहऱ्यावर. ते बघत राहिले. ताईंनी फडकं खाली घेतलं नाही, उजवीकडे आल्या नाहीत, जागच्या हलल्या नाहीत.

'चष्मा बदललास?' भाऊजींनी विचारलं.

झटका आला त्याच्या आधीच्या आठवड्यात बदलला होता, तेव्हा त्यांच्या लक्षातही आला नव्हता.

'हो,' ताई म्हणाल्या. 'कसा दिसतो?'